सिकलसेलचे शोधनिबंध आणि आपण

वैद्यकीय संशोधकाची ओळख त्याच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या यादीवरून होते. निबंधाचे शीर्षक, लेखकांची नावे, नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठांक एवढाच मजकूर त्या यादीतील प्रत्येक ओळीत असतो. नेमणूक, बढती, अनुदान, परदेशचे निमंत्रण हे सारे पुष्कळ अंशी या यादीवर ठरते. आपल्या समाजातील बहुसंख्य माणसांनी अशी यादी कधी पाहिलेली नाही. परंतु विदर्भातील पूर्वास्पृश्य, आदिवासी व इतर मागास जातींच्या माणसांचे रक्त गेली साठांहून अधिक वर्षे अशा याद्यांत नोंदले जात आहे. ते नोंदले गेले सिकलसेल या आजाराच्या अभ्यासातून. निबंध इंग्रजीत छापले गेले, ग्रंथालयांत बांधून ठेवले गेले, आणि ज्यांच्या बोटातून रक्त काढले ती माणसे पुन्हा बांधीत रोवणीला गेली.

मी भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अनुवंशशास्त्राच्या पुस्तकात सिकलसेलचे उदाहरण प्रत्येक पिढीचे विद्यार्थी पाठ करतात. त्या उदाहरणातली माणसे आफ्रिकेतली असतात. पुस्तक मिटून मुले घरी जातात तेव्हा तोच आजार त्यांच्या शेजारच्या घरात, कधी त्यांच्याच घरात असतो. पण तेथे त्याचे नाव वात, अशक्तपणा, कावीळ किंवा बाहेरची बाधा असे असते. पुस्तक आणि मोहल्ला यांच्यामधले हे अंतर कमी व्हावे, संशोधकांनी आपल्या रक्ताविषयी काय लिहिले ते कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना व शिक्षकांना कळावे, आणि असे निबंध वाचताना कोणते प्रश्न विचारावेत हेही कळावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

आधी आजार समजून घेऊ. शरीरात अन्नापासून शक्ती तयार होणे, टाकाऊ पदार्थ बाहेर जाणे, पेशी घडणे व मोडणे ही सारी रासायनिक कामे आहेत. त्यांपैकी एखादे काम जन्मतःच बिघडलेले असू शकते, आणि तो बिघाड आईबापांकडून ठरावीक नियमाने येतो, हा विचार इंग्लंडमधील डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये अल्काप्टोन्यूरिया या दुर्मीळ विकारावरील निबंधात मांडला. त्या विकारात लघवी हवेत राहिली की काळी पडते. गॅरॉड यांचे म्हणणे असे की, प्रत्येक माणसाची रासायनिक घडण वेगळी असते आणि काही रोग हे त्या घडणीतच असतात. त्या काळी या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आज जैवरासायनिक विकारांची संपूर्ण शाखा त्यावर उभी आहे.

सिकलसेल हा असाच घडणीतला विकार आहे. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोचवणे हे त्याचे काम. या प्रथिनाच्या एका रेणूत चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लांचे मणी ओवलेले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावे लागते. सिकलसेलमध्ये तेथे व्हॅलीन असते. एका मण्याचा हा फरक केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिला. फरक एवढासा, पण परिणाम मोठा. प्राणवायू सोडून दिल्यावर हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या ताठ दोऱ्या बनतात, आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. सिकल म्हणजे विळा. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून हाडांत, पाठीत, छातीत असह्य कळा. प्लीहा निकामी होत जाते; म्हणून लहान मुलाला साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. पुढे कोणाचा खुबा झिजतो, कोणाला तरुणपणी अर्धांगवायू होतो.

रोवणीच्या दिवसांत थंड पाण्यात दिवसभर वाकून उभे राहणे, किंवा मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना घोटभर पाण्यावर दिवस काढणे, या दोन्ही गोष्टी अशा शरीराला सोसत नाहीत. थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे ही वेदनेचा झटका येण्याची ओळखीची कारणे आहेत. म्हणजे आजार जनुकातून येतो हे खरे असले, तरी तो किती छळेल हे पुष्कळदा मजुरीवर अवलंबून असते.

आता अनुवंशाचा हिशेब. प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोन्ही प्रती चांगल्या असल्या तर एए. एक चांगली व एक सिकलची असेल तर एएस, म्हणजे वाहक. वाहक हा रोगी नव्हे. तो सर्वसाधारण आयुष्य जगतो, कष्ट करतो, त्याला औषध लागत नाही. दोन्ही प्रती सिकलच्या असल्या तर एसएस, म्हणजे रुग्ण. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के आणि एए होण्याची २५ टक्के असते. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन बरी निघतील असा याचा अर्थ नाही. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल व दुसरा एए असेल, तर एकही मूल एसएस होत नाही. हा हिशेब मातेवर जेवढा लागू तेवढाच पित्यावर. सुनेने रोग आणला असे म्हणणाऱ्या घराला हे बजावून सांगितले पाहिजे: एसएस मुलाला एक प्रत बापाकडूनच आलेली असते.

आता निबंधांकडे वळू. या आजारावरचा पहिला निबंध १९१० चा. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी तो लिहिला. लेखक म्हणून एकट्या हेरिक यांचे नाव आहे. रक्ताच्या थेंबातील त्या विचित्र लांबट पेशी ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिल्या तो त्यांच्या हाताखालचा तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स होता. आणि रुग्ण? निबंधात त्याचा वंश आहे, वय आहे, शरीराचे सविस्तर वर्णन आहे, नाव नाही. रुग्णाचे नाव छापू नये हा वैद्यकाचा संकेत योग्यच आहे. परंतु तो रुग्ण म्हणजे वॉल्टर क्लेमेंट नोएल, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी, हे संशोधकांनी शोधून १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याने शिक्षण पुरे केले, मायदेशी परतून दवाखाना थाटला, आणि १९१६ मध्ये तो न्यूमोनियाने वारला. या आजाराचा पहिला नोंदलेला रुग्ण हा शिकलेला, आपले आयुष्य उभारणारा माणूस होता. ही गोष्ट आपल्या पोरांना पाठ्यपुस्तकाने सांगितली पाहिजे होती.

दुसरा महत्त्वाचा निबंध १९४९ चा. लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, एस. जे. सिंगर आणि इबर्ट वेल्स असे चार लेखक. सिकलसेल हा रेणूचा रोग आहे, हे त्यांनी सिद्ध केले. विद्युत्प्रवाह सोडला की निरोगी हिमोग्लोबिन आणि सिकलचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतात. वाहकाच्या रक्तात दोन्ही सापडतात. आजही इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीचे तत्त्व तेच आहे. जगाने पॉलिंग यांचे नाव लक्षात ठेवले. प्रयोगाचा मोठा भार उचलणारे इटानो हे जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ मध्ये बर्कले विद्यापीठाचे सर्वोच्च पदक त्यांना मिळाले तेव्हा ते समारंभाला जाऊ शकले नाहीत, कारण महायुद्धात जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना सरकारने छावण्यांत डांबले होते आणि इटानो त्यांत होते. जन्मावरून गुन्हेगार ठरवलेला एक तरुण सात वर्षांनी जन्माने येणाऱ्या रोगाचे कोडे सोडवणाऱ्यांत होता. तेव्हा निबंधाच्या माथ्यावरील नावे वाचताना क्रमाकडे पाहावे. पहिले नाव, शेवटचे नाव आणि मधली नावे यांत कामाची आणि मानाची वाटणी दडलेली असते.

भारतातील नोंदी १९५२ पासून सुरू होतात. त्या वर्षी लेहमान व कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत सिकल पेशी सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांच्या मजुरांतील रुग्णांविषयी डनलॉप व मझुमदार यांचा निबंध आला. १९५८ मध्ये आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकल वाहकांविषयीचा छोटासा निबंध ‘लॅन्सेट’ या लंडनच्या साप्ताहिकात छापला गेला. विदर्भाची या विषयावरील यादी येथून सुरू होते असे मानायला हरकत नाही. दीक्षाभूमीवरील धर्मांतर १९५६ चे. म्हणजे आपण नव्या नावाने जगायला लागलो त्याच सुमारास आपल्या भागाचे रक्त लंडनच्या छापखान्यात पोचले होते.

त्यानंतरच्या यादीतील काही ठळक नोंदी अशा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील मधुसूदन कांबळे व पुष्पा चतुर्वेदी यांनी ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या मुलांमधील सिकलसेलचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभर हिंडून रक्ततपासण्या केल्या. त्यांचा व लिंगोजवार यांचा २००२ मधील निबंध महाराष्ट्रापुरता पायाभूत मानला जातो. भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओतकर या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यात आहे. आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत मिळून ५००० हून अधिक रुग्ण असावेत असा अंदाजही आहे. भंडारा हे नाव त्या ओळीत वाचले तेव्हा मला वाटले, हा निबंध आमच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागायला हवा होता. डॉ. काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतील डॉ. रोशन कोलाह व त्यांचे सहकारी यांची यादी फार मोठी आहे; सिकलसेल, थॅलेसेमिया आणि तांबड्या पेशीतील वितंचकांचे दोष असे तिचे क्षेत्र. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांनी मुंबईच्या याच संस्थेबरोबर नवजात बालकांच्या तपासणीवर २०१२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

या यादीकडे एकत्र पाहिले म्हणजे प्रश्न कसे बदलत गेले ते दिसते. पहिला प्रश्न होता: हे जनुक कोठे आणि कोणात सापडते? दुसरा: हे हिमोग्लोबिन कसले आहे? तिसरा: हा आजार घेऊन जन्मलेले मूल कसे जगते? चौथा: त्याला काय द्यावे? पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे दशकानुदशके खर्ची पडली. तक्त्यात एका रकान्यात जातीचे नाव आणि दुसऱ्यात टक्केवारी असे कितीतरी निबंध निघाले. तिसरा व चौथा प्रश्न ठळकपणे पुढे आले ते फार उशिरा. मी हे संशोधकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ते तक्ते नसते तर आज कोणत्याही सरकारी योजनेला आधार मिळाला नसता. परंतु रक्ताचा नमुना घेणे ही एका दिवसाची गोष्ट असते आणि रुग्णाचा सांभाळ ही आयुष्याची. यादीत ओळ वाढते ती पहिल्या गोष्टीने, हे आपण ओळखून असावे.

टक्केवारीविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रुग्णालयात आलेल्या आजारी माणसांतून काढलेले प्रमाण आणि गावातील सर्व घरांतून काढलेले प्रमाण यांत मोठा फरक असतो. तसेच, फक्त महार व गोंड वस्त्यांत जाऊन तपासणी केली तर रोग फक्त महारांत व गोंडांत सापडणार. विदर्भात तेली व कुणबी समाजातही सिकलचे जनुक आहे, आणि हे अभ्यासांतून पुढे आलेले आहे. ग्रीस, सिसिली, अरबस्तान येथेही ते आहे. तेव्हा ‘हा महारांचा रोग’ हे वाक्य कोणी उच्चारले तर ते शास्त्राचे नव्हे, जातीचे वाक्य समजावे.

मग काही समाजांत प्रमाण जास्त का? याचे एक उत्तर हिवतापात आहे. वाहकाला फाल्सिपेरम जातीच्या जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ मध्ये मांडले. जंगल, तळी आणि धानाच्या बांध्या यांच्या मुलखात पिढ्यान्पिढ्या हिवताप होता. तेथे वाहक मुले जास्त जगली आणि जनुक टिकले. दुसरे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निबंधात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीअंतर्गत विवाह हीच जातीची किल्ली, हा त्याचा गाभा. मुलगी बाहेर द्यायची नाही व बाहेरची आणायची नाही असे कुंपण घातले की एका समूहात आलेले जनुक त्याच समूहात फिरत राहते. सिकलसेलच्या तक्त्यातील जातवार रकाने म्हणजे त्या कुंपणाचा रक्तात उमटलेला ठसा आहे. त्यावरून आपला वंश वेगळा असा निष्कर्ष काढणे चूक आहे. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकारलेलाच आहे.

निबंध हा शेवटचा शब्द नसतो, याचीही उदाहरणे याच यादीत मिळतात. भारतातील व अरबस्तानातील सिकल जनुक आफ्रिकेपासून स्वतंत्रपणे उगम पावले असावे, असा पुरावा १९८६ मध्ये कुलोझिक व सहकाऱ्यांनी दिला. २०१८ मध्ये श्राइनर व रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचाची माहिती तपासून उगम एकच असल्याचे प्रतिपादन केले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. १९८६ मध्येच ओडिशातील रुग्णांवर ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते व त्यामुळे आजार काहीसा सौम्य असतो, असे त्यातून दिसले. निरीक्षण खरे होते. पण ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ असा त्याचा सरसकट अर्थ लावला गेला, तर गावच्या दवाखान्यात कळांनी तळमळणाऱ्या मुलाला ‘नाटक करतो’ असे ऐकावे लागते. मध्य भारतातील हा आजार गंभीर स्वरूपाचा असू शकतो, असे शीर्षकातच सांगणारा निबंध नागपूरच्या डॉ. जैन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. दूरच्या शहाण्याने लिहिलेले जवळच्या दवाखान्याने दुरुस्त केले. जिल्ह्याजिल्ह्यांत संशोधन का व्हावे, याचे यापेक्षा चांगले कारण मला देता येणार नाही.

उपचारांविषयीही निबंधांनी पक्की माहिती दिली आहे. लहान मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलीन दिल्यास न्यूमोकोकस जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो, हे अमेरिकेत १९८६ मध्ये दिसून आले. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके चाळीस टक्क्यांहून अधिक कमी होतात, हे २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीतून १९९५ मध्ये सिद्ध झाले. हीच गोळी कमी व ठरावीक मात्रेत दिली तरी तीव्र आजार असलेल्या मुलांना गुण येतो, हे नागपूरच्या मुलांवरील अभ्यासाने २०१२ मध्ये दाखवले. गरीब मुलखासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण कमी मात्रेचा खर्च कमी. ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासत घ्यावी लागते. तिच्या जोडीला फॉलिक आम्ल, लसी, भरपूर पाणी आणि ताप आला की वेळ न घालवता दवाखाना. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. विज्ञानाने दार उघडले, पण उंबरठा केवढा, हे त्या आकड्यावरून समजावे.

तपासणीबाबत एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. शिबिरात बहुधा विद्राव्यता चाचणी करतात. नळीतले द्रावण गढूळ झाले व मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का बसतो. या चाचणीने सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावीच लागते. पहिल्या चाचणीचा कागद हातात देऊन दुसरीची वाट न दाखवणे म्हणजे माणसाला अर्धवट सत्याच्या हवाली करणे. आमच्याकडे एका मुलीची सोयरीक अशा कागदावर मोडली. नंतरच्या तपासणीत ती वाहक निघाली. मुलाने स्वतःचे रक्त तपासलेच नव्हते. वाहकांनी लग्न करू नये असे शास्त्र सांगत नाही. दोघांनीही आधी तपासून घ्यावे; दोघेही वाहक निघाले तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा; लग्न झालेले असेल तर गरोदरपणाच्या आरंभीच गर्भाची तपासणी करता येते. निर्णय त्या दोघांचा. जातीबाहेर लग्न केले म्हणजे धोका टळतो असेही नाही, कारण कुंपणापलीकडेही हे जनुक आहे. आंतरजातीय विवाहाचे कारण समतेत शोधावे. रक्तासाठी तपासणी आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हा प्रश्न राजकारणात आणला. या रोगाच्या संशोधनाला मिळणारा पैसा रुग्णांच्या संख्येच्या मानाने किती तुटपुंजा आहे, हे डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी १९७० मध्ये वैद्यकीय नियतकालिकातच मांडले. १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या मोफत दवाखान्यांतून व वस्त्यांतून सिकलसेलच्या तपासण्या सुरू केल्या. १९७२ मध्ये अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नाव आपण तिकडून घेतले. रक्तदाब मोजणाऱ्या व बोटातून रक्त घेणाऱ्या त्या पँथरचीही ओळख आपल्या कार्यकर्त्यांना हवी. त्या इतिहासाचा दुसरा धडाही घ्यावा. काही राज्यांनी सक्तीच्या तपासण्या केल्या, वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली, आणि निरोगी वाहकांना नोकरीत व विम्यात त्रास सोसावा लागला. तेथील हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. गुप्तता आणि समुपदेशन नसलेली तपासणी हा नवा विटाळ ठरू शकतो.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश २१ प्रकारांत केला. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. हे आपल्या शिक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. परंतु त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकारांचा समावेश नाही. शिकायला जागा, पण नोकरीला नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, १७ राज्ये, असे त्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्याचा रोख आदिवासी भागांवर आहे. आदिवासींना अग्रक्रम मिळालाच पाहिजे. त्याबद्दल आपला वाद असू नये. पण विदर्भातील बौद्ध, अनुसूचित जाती व मागासवर्गीय रुग्णांची संख्या मोठी आहे आणि जनुक शासनाच्या अनुसूच्या वाचत नाही. बिगर-आदिवासी तालुक्यातील मजुराच्या पोरालाही तीच तपासणी, तीच गोळी व तोच सल्ला मिळाला पाहिजे, ही मागणी आदिवासी बांधवांच्या खांद्याला खांदा लावून करावी लागेल.

शिक्षकांनी करण्यासारखे तर उद्यापासून आहे. पावसाळ्यात व थंडीत वरचेवर गैरहजर राहणारा, डोळे पिवळे असलेला, सांधे दुखतात म्हणणारा विद्यार्थी आळशी ठरवण्याआधी त्याला तपासणीची वाट दाखवावी. रुग्ण विद्यार्थ्याला हजेरीत सवलत मिळवून द्यावी, वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, कडक उन्हात मैदानावर पळायला लावू नये. त्याचा अहवाल शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय करू नये.

कार्यकर्त्यांनी गावात येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला आदराने पण स्पष्टपणे विचारावे: रक्त कशासाठी घेता? संमतीचा कागद मराठीत आहे काय, आणि तो वाचून दाखवणार काय? निकाल ज्याचा त्याला, दुसऱ्या कोणाला न कळता, किती दिवसांत मिळेल? रुग्ण निघाला तर त्याला कोठे पाठवणार? निबंध छापून आल्यावर त्याचा दोन पानी मराठी सारांश गावाला देणार काय? या प्रश्नांनी चांगला संशोधक रागावत नाही. ते त्याच्या कामाला उपयोगीच पडतात.

आणि विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे की जीवरसायन, अनुवंशशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय परके समजू नका. आजवर या निबंधांत आपण बहुधा तक्त्याच्या रकान्यात राहिलो. शीर्षकाखाली जेथे लेखकांची नावे छापतात, तेथे भंडारा, पवनी, साकोली, लाखांदूरच्या पोरींची नावे यायची आहेत. ज्या घरात कळांनी रात्र जागून काढली आहे, त्या घरातली मुलगी संशोधक झाली तर ती आधी कोणता प्रश्न विचारील, ते मला ठाऊक आहे: मूल सकाळी शाळेत जाईल ना?